तिनं तुला आई म्हटलं

आई, गेल्या आठवड्यात ती आली होती. ती म्हणजे सातवीत माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली. घरी बिड्या वळून वळून जिच्या बोटांना कायम तंबाखूचा वास असायचा ती. तुला आई म्हणायची ती. आता बरोबर लक्षात आलं ना? मला वाटलंच. असशील तिथं चटकन मान वर केली असशील. माझ्या हाकेला तुझी मान इतक्या चटकन वर झाल्याचं मला तरी आठवत नाही. बघ, सुरुवातच अशी झाली. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, घरात नातवंडं धुडगूस घालतात, आणि माझा जीव अजून तुझ्या मानेत अडकलाय. ती अर्धा तास बसली, चहा प्यायली, माझ्या सुनेचं तोंडभर कौतुक केलं आणि निघता निघता एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, पण ते खरं नव्हतं. का नव्हतं, हे सांगायचं तर मला जुन्या शाळेपासून सुरुवात करावी लागेल. तू म्हणायचीस, मुद्द्याचं बोल, फाटे फोडू नकोस. आज फोडणार आहे. तू थांबवू शकत नाहीस.

शुक्रवार पेठेतली आपली शाळा ही शाळा म्हणून बांधलेलीच नव्हती. शेजारशेजारची दोन घरं भाड्यानं घेऊन, मधली भिंत पाडून एक केलेली. पाचवी माडीवर भरायची, तिथं पाय आपटला की खाली सहावीच्या डोक्यावर माती पडायची. तुझी सातवी मालकाच्या जुन्या स्वयंपाकघरात. चूल काढून टाकली होती पण वरचं धुराडं तसंच होतं, वारा सुटला की काजळीचे कण वह्यांवर उतरायचे. कोपऱ्यातल्या मोरीत पाण्याचा पिंप, फडताळात खडू आणि डस्टर, आणि भिंतीपलीकडच्या घरातनं साडेअकराला येणारा फोडणीचा वास. मुली म्हणायच्या, आमच्या बाई स्वयंपाकघरात शिकवतात. मला तेव्हा लई मौज वाटायची, की घरीही माझी आई स्वयंपाकघरात आणि इथंही. पण ही मौज मनातल्या मनात करायची. कारण शाळेच्या उंबऱ्याच्या आत तू माझी आई नव्हतीस.

हा नियम तू मला पहिलीत असतानाच घालून दिला होतास. घरून निघताना तू माझं बोट धरायचीस, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणी आली की बोट सोडायचीस आणि पुढं चालायला लागायचीस, मी दहा पावलं मागं. उंबरा ओलांडला की तू बाई. पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेच्या ओळीत मला तू दिसलीस आणि मी "आई!" म्हणून ओरडले. सगळी रांग हसली. तू जवळ आलीस, हातातल्या फूटपट्टीनं माझ्या तळव्यावर एकच मारलीस आणि म्हणालीस, "इथे तुझी आई कुणी नाही. इथे मी बाई आहे." लागलं नाही फारसं. पण सहा वर्षांच्या पोरीला असं सांगतं का गं कुणी? मी इतकी घाबरले की दुपारभर तुझ्याकडं चोरून बघत होते, ही खरंच दुसरी कुणी बाई आहे का म्हणून.

मग शिकले मी. इतकी शिकले की तिसरीत वर्गात ताप भरला तेव्हा थरथरत तुझ्यापुढं येऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, मला बरं वाटत नाही." तू कपाळाला हात लावलास. हात लावलास तेव्हा मला वाटलं, आता तरी. पण तू म्हणालीस, "घरी जा. आईला सांग." मी त्या उन्हात एकटी घरी आले, शेजारच्या मावशींकडून किल्ली घेतली आणि गोधडीत पडून राहिले. संध्याकाळी तू आलीस, पिशवी खाली टाकलीस आणि "काय झालं गं माझ्या बाईला? अंग किती तापलंय बघ की!" म्हणत मला मांडीवर घेतलंस. जसं काही तुला आत्ताच कळलं. मी पण तुला सगळं पहिल्यापासून सांगितलं, कधी कणकण वाटली, कधी थंडी वाजली. आज कुणाला सांगितलं तर हसतील. तेव्हा आपल्याला दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

का करायचीस ते मला पुढं कळलं. तुमचं गाव तिकडं सांगोल्याच्या माळावरचं, मेंढरांमागं फिरणारं घर, आणि त्या घरातनं शिकून मास्तरीण झालेली तू पहिली. पहिल्या नोकरीत तुझ्या तोंडून "हाय" गेलं आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी तुझी नक्कल केली. तेव्हापासून तू शाळेसाठी वेगळी जीभ ठेवलीस. शाळेत आहे, नाही, कुठे, इथे. घरी आलीस, पदर खोचलास की हाय, न्हाय, कुटं, हितं. शाळेतली आहे-नाही सगळ्यांची होती. घरातली हाय-न्हाय माझी होती. वडील, म्हणजे दादा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात, शनिवारी यायचे नि रविवारी परत जायचे, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस तर ती निव्वळ माझी एकटीचीच होती. दिवसभर तुला पंचेचाळीस पोरींमध्ये वाटून घेताना मी स्वतःला एवढंच सांगायची, की होऊ दे बाई सगळ्यांची, "जेवलीस व्हय गं?" असं ही फक्त मला विचारते.

आणि मग सातवीत ती आली. दुसऱ्या शाळेतनं आली होती, मराठी कच्चं, पण गणितात तरबेज. पहिल्या चाचणीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. तू फळ्यावर उदाहरण घातलंस, कुणाला येईना, मलाही येईना. तिनं हात वर केला आणि उभी राहून म्हणाली, "आई, मी सांगू?"

वर्ग खो खो हसला. मी हसले नाही. मी तुझ्या हाताकडं बघत होते. फूटपट्टी टेबलावर होती, खडूच्या डबीला टेकून. मला वाटलं, आता. आता हिलाही कळेल. तू सगळ्यांना "शांत बसा" म्हणालीस, तिच्याकडं वळलीस आणि म्हणालीस, "सांग."

बस्स. सांग. एवढंच.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं उत्तर सांगितलं, बरोबर होतं, तू शाबास म्हणालीस, ती बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आई, झालं माझं." आणि तू वही तपासलीस! आठ दिवस मुली हसल्या, नंतर हसायच्या थांबल्या, पुढं पुढं तर कुणाच्या ते लक्षातही येईना. अख्ख्या शाळेत तुला आई म्हणायची मुभा एकीलाच होती, आणि तिला घरी स्वतःची चांगली धडधाकट आई होती. पाहिली होती की मी! दारात बसून, मांडीवर सूप घेऊन, सपासप बिड्या वळणारी, चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारणारी. एक असताना हिला दुसरी कशाला पाहिजे होती?

घरी मी भांडले तुझ्याशी. तू भाकरी थापत होतीस. "तिला का मारलं नाहीस?" म्हणून विचारलं. तू हसलीस. "अगं, त्यांच्यात थोर बाईमाणसाला अम्मा म्हणत्यात. तिला वाटलं मराठीत आई म्हणायचं असतंय. तिनं मला मान दिला, त्याला मारू व्हय?"

"मग तिला सांग की, बाई म्हण म्हणून."

"सांगीन."

"आणि मी म्हटलं तर?"

"तुझं येगळं हाय." भाकरी तव्यावर टाकलीस, पाण्याचा हात फिरवलास, आणि विषय संपला. माझं वेगळं काय होतं ते सांगितलं नाहीस. आणि तिलाही कधी सांगितलं नाहीस. मी वाट बघितली की. आज सांगशील, उद्या सांगशील. तुला ते ऐकायला आवडत होतं, आई. नाही म्हणू नकोस. तिनं हाक मारली की तुझ्या भुवया जरा सैल व्हायच्या. मी पुस्तकाआडून बघायची.

त्याच वर्षी नव्या इमारतीचं ठरलं. गावाबाहेर, विजापूर रस्त्याच्या अंगाला, मोकळ्या माळावर पक्के वर्ग, मोठं मैदान, प्रत्येक वर्गाला खिडक्या. जूनपासून शाळा तिकडं भरणार आणि एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळच्या शाळेत जुन्या वास्तूचा निरोप घ्यायचा, असं मोठ्या बाईंनी जाहीर केलं. सगळ्या शाळेला वेड लागल्यासारखं झालं. ज्या भिंतींना आम्ही वर्षभर नावं ठेवायचो त्यांना पोरी हात लावून रडायला लागल्या. एका मुलीनं तर धुराड्यातली काजळी कागदाच्या पुडीत बांधून घेतली. शिक्षिकांचं वेगळंच चाललं होतं. कुणी म्हणालं वास्तूची ओटी भरू. त्यावर दुसऱ्या बाई म्हणाल्या, ओटी निघालेल्या बाईची भरतात, ही तर इथंच राहणार, निघालोय आपण. वाद वाढत गेला. शेवटी तू म्हणालीस, "मग हिनंच आपली ओटी भरावी." आणि तसंच ठरलं. उंबऱ्यावर परातीत तांदूळ ठेवायचे, बाहेर पडताना प्रत्येकीनं चिमूटभर घ्यायचे, शाळेनं दिले म्हणून. मोठ्या बाईंनी तुझी पाठ थोपटली. मला तुझा इतका अभिमान वाटला त्या दिवशी! तेही लिहून ठेवते, नाही तर तू म्हणशील पोरीला नुसतं जळायलाच येत होतं.

पण खरं घोडं पुढं अडलं. विद्यार्थिनींच्या वतीनं निरोपाचे दोन शब्द सातवीतल्या एका मुलीनं बोलायचे आणि ती निवडायची तू. मला खात्री होती. निबंधात मी पहिली, अक्षर माझं मोत्यासारखं, आणि मी तर न सांगता दोन पानी भाषण लिहूनही काढलं होतं. ज्ञानमंदिर काय, ऋणानुबंध काय, अश्रूंची ओंजळ काय, पुस्तकात सापडले तेवढे सगळे शब्द कोंबले होते. तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि वर्गात तिचं नाव सांगितलंस. घरी मी जेवले नाही. तू ताट पुढं सरकवत म्हणालीस, "माझ्याच पोरीला उभी केली तर लोक काय म्हणतील? आणि खरं सांगू, तुझं झ्याक हाय, पण ते पुस्तकातलं हाय. ती स्वतःचं बोलती." पहिलं कारण मी मान्य केलं असतं गं. दुसरं सांगायची काय गरज होती?

मग रोज शाळा सुटल्यावर तुमची तालीम. स्वयंपाकघराच्या त्या वर्गात तू आणि ती, आणि मी बाहेर पडवीत दोघींची दप्तरं सांभाळत. ती बोलायची, तू तिचे शब्द रफ वहीत उतरवून घ्यायचीस, जरासं नीट करायचीस, पुन्हा म्हणवून घ्यायचीस. एक दिवस मी दाराशी गेले, कधी निघायचं ते विचारायला. ती धापा टाकत कुठून तरी आली होती, बहुतेक घरून बिड्या पोचवून, आणि तू तुझा डबा उघडून अर्धी भाकरी तिच्यापुढं धरली होतीस. म्हणत होतीस, "जेवलीस व्हय गं? तोंड किती सुकलंय बघ की. खा, मग बोलू."

व्हय. की. शाळेत! उंबऱ्याच्या आत! आई हा शब्द तिनं घेतला तेव्हा मी जळले होते, पण ते निदान तिचं चुकलं म्हणता येत होतं. हे तू दिलंस. आपल्या हातानं दिलंस. ती जीभ माझी होती, आई. मी तशीच मागं फिरले, पडवीत येऊन बसले आणि तुझ्या पिशवीचा बंद दातांनी कुरतडत राहिले. रडले नाही. मला कुणाला तरी बोचकारावंसं वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तू मला रफ वही दिलीस. म्हणालीस, "तिला माझं गिचमिड अक्षर लागत न्हाय. तू स्वच्छ लिहून दे. तुझ्याएवढं सुंदर कुणाला जमतंय?" आणि तू शेजारी हळदीकुंकवाला गेलीस. मी कागद घेतला, रेघा मारल्या आणि लिहायला बसले. छान होतं तिचं भाषण. आज कबूल करते. माडीवरून पडणारी माती, पिंपातल्या पाण्याचा वास, असलं सगळं होतं त्यात. आणि मधोमध या ओळी होत्या: "आमच्या घरी मोठ्या बाईमाणसाला अम्मा म्हणतात. म्हणून मी आमच्या बाईंना आई म्हटलं. सगळ्या हसल्या, बाई हसल्या नाहीत. ह्या शाळेनं मला दुसरी आई दिली, ती मी नव्या शाळेत बरोबर नेणार आहे."

मी त्या ओळी गाळल्या. खाडाखोड नाही, डाग नाही. आधीचं वाक्य लिहिलं आणि त्याच्या पुढचं पाचवं वाक्य लिहिलं. वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही इतकं ते नीट जुळलं. मग रफ वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

शनिवारी सकाळी अंगणात माणसांची नुसती दाटी होती. जुन्या मुली कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, घरमालक फेटा बांधून पुढच्या खुर्चीत. मी तिला पिंपापाशी गाठलं आणि कागद दिला. तिनं उभ्या उभ्या वाचला. मग उलटून पाहिला. पुन्हा वरून खाली वाचला.

"त्या ओळी?" ती म्हणाली.

"बाईंनी काढल्या," मी म्हणाले. "जसं लिहिलंय तसंच वाच म्हणाल्यात. जास्तीचं काही बोलू नकोस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता गं तिच्या डोळ्यात. लाजली ती. कान लाल झाले तिचे, आपण काहीतरी भलतंच करून बसलो होतो आणि इतके दिवस कुणी सांगितलं नाही, अशी लाजली. "बरं," म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

तू पायरीशी उभी होतीस. ती वाचायला लागली तसे तुझे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले, तुला सगळं पाठ होतं. ती जागा जवळ आली आणि तू हसायला लागलीस, अगदी ओठांच्या कोपऱ्यात. ते हसू मी ओळखते, दादांची गाडी वेळेवर आली की यायचं ते. ती त्या जागेला पोचली आणि तशीच पुढं गेली. तुझे ओठ थांबले. ती पुढं वाचत होती, लोक टाळ्या वाजवत होते, मोठ्या बाई डोळे पुसत होत्या, आणि तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होतीस. मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलंही. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. दोन-तीन मिनिटं.

शेवटी सगळ्या जणी परातीतले तांदूळ घेऊन बाहेर पडत होत्या. ती तुझ्यापाशी आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते, बाई."

पहिल्यांदाच. तू तिच्याकडं पाहिलंस. मला वाटलं आता विचारशील, अगं त्या ओळी का सोडल्यास? विचारलं असतंस तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं, मी सपशेल आपटले असते. पण तुझा स्वभाव. पोरगी चारचौघांत लाजली असेल, तिला नको वाटलं असेल, तर विचारून संकोचात कशाला टाकायचं, असं तुझ्या मनात आलं असणार. तू म्हणालीस, "ये. अभ्यास करत राहा." शाळेच्या जिभेनं. आणि ती गेली.

जूनमध्ये नव्या शाळेत ती आली नाही. लांब पडतं म्हणून तिच्या घरच्यांनी जवळच्या शाळेत नाव घातलं, असं कळलं. लांब पडत होतंच, आणखी सात-आठ मुली त्यासाठीच गळल्या. मी ते कारण घट्ट धरून ठेवलं. पण पहिल्या दिवशी तू आठवीच्या दारावरून तीनदा गेलीस. सातवी दुसऱ्या टोकाला होती, तुला त्या बाजूला काही काम नव्हतं. मी खिडकीजवळच्या बाकावर बसून तुला जाताना बघत होते. आणि माझ्या पदरात काय पडलं? काही नाही. नवी शाळा, नवा उंबरा, आणि तू तिथंही बाई. एकदा शाळा सुटल्यावर तुझ्या रिकाम्या वर्गात आले, कुणी नव्हतं बघून हळूच "आई" म्हटलं. तू वह्यांवरून मान वर न करता म्हणालीस, "काय हवंय?" मी काही नाही म्हणून बाहेर आले.

तुला जाऊन तीस वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तू एकदा मोसंबीचा रस घेता घेता थांबलीस आणि म्हणालीस, "ती विणकराची पोरगी मला आई म्हणायची. मग एकदम बाईच म्हणाली. माझं काय चुकलं आसंल गं?" माझ्या हातात चमचा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तू मरायला टेकली होतीस, तू मला काय करणार होतीस? मी म्हणाले, "मोठी झाली असेल. लाजली असेल. तू पी आधी." तू प्यायलीस. मला तेव्हाही भीतीबिती वाटली नाही. इतक्या वर्षांनी, मी उशाशी बसलेली असताना, तुला ती आठवली, ह्याचाच राग आला.

आणि गेल्या आठवड्यात ती आली. माझ्या सुनेच्या ओळखीतनं पत्ता मिळाला म्हणे. केस पिकलेत, चष्मा आहे, पण हसणं तेच. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली तिनं. "पोरं काय वाटेल ते म्हणायची मला," सांगत होती. "आई म्हणायची, अम्मा म्हणायची, अक्का म्हणायची. मी म्हटलं म्हणू दे की. कुणाला अडवलं नाही बघ." तुझ्या फोटोला नमस्कार केला. उठली, चप्पल घातली, आणि मग वळून म्हणाली, "एक विचारायलेय, राग मानू नको. बाईंना माझं आई म्हणणं आवडायचं नाही व्हय?"

दारात उभी होती गं. उन्हातनं दोन रिक्षा बदलून आली होती. हे विचारायलाच आली होती, मला कळत होतं.

मी म्हणाले, "तिचा स्वभावच तसा. शाळेत तिला ते चालायचं नाही."

"तरीच," ती म्हणाली. "मीच येडी. लहान होते, कळलं नाही. किती अवघड झालं असेल त्यांना माझ्यामुळं!" आणि माझाच हात हातात घेऊन म्हणाली, "तुलाही त्रास झाला असेल. माफ कर." मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

तेव्हापासून रोज दुपारी कागद घेऊन बसते. तिला पत्र लिहायचं म्हणून बसते. तिचा पत्ता माझ्याकडं आहे, तिनं जाताना लिहून दिलाय, पिनकोडसकट. पाच ओळींचं काम आहे. पण पाच ओळी लिहिल्या की तू तिची होणार. ती रडेल, हसेल, मला माफही करेल, आणि मग उरलेलं आयुष्य ती तुला आई म्हणेल, आणि ह्या वेळी ते खरं असेल. ते मला सहन होणार नाही, आई. अजूनही नाही. म्हणून हे तुला लिहिलं. तुला सांगितलं तर ते तिच्यापर्यंत पोचायचं नाही.